थांबण्याचा खर्च कुणाचा?

दापोडीच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत तेरा वर्षांच्या मुलाला कामावर घेता येत नाही. तिथून भोसरी, पिंपरी, चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांपैकी एकाही कारखान्यात घेता येत नाही. चौदा वर्षे पूर्ण न झालेले मूल यंत्रापाशी उभे राहणार नाही, हे या देशाने १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहून ठेवले. सतरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाकडून सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर काम करून घ्यायचे नाही, हेही त्याच कायद्याने घालून दिले. मुलगा हुशार आहे, हात चपळ आहे, घरी पैशांची नड आहे, वडिलांची संमती आहे, यांतले कोणतेही कारण कारखान्याच्या फाटकावर चालत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरात आयपीएलचा लिलाव झाला. बिहारमधल्या समस्तीपूर जिल्ह्यातला वैभव सूर्यवंशी तेव्हा तेरा वर्षांचा होता. राजस्थान रॉयल्सने त्याला एक कोटी दहा लाख रुपयांना घेतले. १९ एप्रिल २०२५ रोजी तो पहिला सामना खेळला तेव्हा त्याचे वय १४ वर्षे २३ दिवस होते. आलेला पहिलाच चेंडू त्याने सीमापार भिरकावला. नऊ दिवसांनी गुजरात टायटन्सविरुद्ध त्याने ३५ चेंडूंत शतक पूर्ण केले. तो डाव पाहून हरखला नाही असा क्रिकेटप्रेमी विरळाच. मीही हरखलो. त्या मुलाच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही आणि हा लेख त्याच्याविरुद्ध नाही. पण कारखान्याच्या फाटकावर जी वयाची अट आपण निर्विवाद मानतो, ती खेळाच्या बाजारात लागू करायची म्हटली की आपल्याला गुणवत्तेवर अन्याय झाल्यासारखे वाटते. असे का वाटते, याचा विचार व्हायला हवा.

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. व्यावसायिक लीगमध्ये प्रवेशासाठी किमान वयाची अट असलीच पाहिजे. मात्र त्या अटीमुळे मुलाला जी वर्षे थांबावे लागेल, त्या वर्षांचा खर्च लीगने उचलला पाहिजे. खर्च न उचलता घातलेली अट गरीब घरातल्या मुलाला मारक ठरते आणि अटच नसली तर मूल थेट बाजारात उभे राहते. या दोन्हींतून वाट काढायची असेल तर अट आणि जबाबदारी यांची फारकत करता येणार नाही.

कायदा काय म्हणतो, ते आधी पाहू. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत बंदी आली. त्या बंदीला दोन अपवाद ठेवले गेले. एक घरच्या व्यवसायाचा. दुसरा चित्रपट, मालिका, जाहिराती आणि खेळ यांचा. त्यातून सर्कस मात्र वगळली. म्हणजे खेळणारे मूल कमावते असू शकते, हे कायद्याला ठाऊक आहे. म्हणूनच २०१७ च्या नियमांनी काही बंधने घातली: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, शाळा बुडता कामा नये, आणि कमाईचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा, जो त्याला सज्ञान झाल्यावरच मिळेल.

हे नियम चांगले आहेत, पण ते चौदाव्या वाढदिवसाला संपतात. चौदा ते अठरा या वयातल्या मुलांना कायदा फक्त धोकादायक व्यवसायांपासून दूर ठेवतो आणि क्रिकेट किंवा कबड्डी त्या यादीत नाहीत. वैभवने पहिला सामना खेळला त्याच्या चोवीस दिवस आधीपर्यंत कायद्याच्या नजरेत तो बालक होता. त्यानंतर त्याच्या कमाईचा पाचवा हिस्सा राखून ठेवण्याचे, त्याचे तास मोजण्याचे, त्याच्या शाळेची विचारपूस करण्याचे बंधन या नियमांनी कुणावरच ठेवले नाही. त्याचे कुटुंब आणि संघ यांनी आपणहून काळजी घेतली असेल. पण मुलाचे संरक्षण कुणाच्या चांगुलपणावर सोपवायचे नसते, एवढे तरी कामगार चळवळीने या औद्योगिक पट्ट्याला शिकवले आहे. आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसात वाजता सुरू होतो आणि संपायला अकरा वाजून जातात. कारखान्यात सोळा वर्षांच्या मुलाला ज्या वेळी थांबवून घेणे हा गुन्हा ठरवला गेला, नेमक्या त्या वेळी हा खेळ रंगात येतो.

करार कायद्याचीही बाजू आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याखाली अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो; प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबीबी खटल्यात तसा निर्वाळा दिला. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाची बोली लागते, पण जी व्यक्ती विकत घेतली जाते तिची सही ग्राह्य नसते. निर्णय दुसरे कुणी तरी घेते आणि त्या निर्णयाचे ओझे मूल वाहते. मोटारसायकल चालवण्याचा परवाना, मतदान, लग्न या प्रत्येक ठिकाणी आपण वयाची रेषा आखली आहे. ती रेषा कुणाच्या कौशल्यानुसार बदलत नाही. एखादा पंधरा वर्षांचा मुलगा उत्तम गाडी चालवतो म्हणून आरटीओ त्याला परवाना देत नाही.

आयपीएलमध्ये वयाची किमान मर्यादा नाही. वयोगटातल्या खेळाडूने किमान एक प्रथम श्रेणी सामना खेळलेला असावा, अशी अनुभवाची अट आहे. ही अट वयाच्या अटीची जागा घेऊ शकत नाही. वैभव जानेवारी २०२४ मध्ये बिहारकडून रणजी सामना खेळला तेव्हा त्याला तेरावे वर्षही पूर्ण व्हायचे होते. अनुभवाच्या अटीमुळे घाई कमी होत नाही, ती एक पायरी खाली सरकते. लीगमध्ये जायचे म्हणून मुलाला लवकरात लवकर रणजीचा एखादा सामना मिळवून देण्याची धडपड सुरू होते. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने नोव्हेंबर २०२० पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी पंधरा वर्षांची किमान मर्यादा घातली आणि अपवादासाठी विशेष परवानगीची तरतूद ठेवली. देशासाठी खेळायला जे वय कमी पडते, ते फ्रँचायझीसाठी खेळायला पुरेसे कसे होते, याचे उत्तर क्रिकेट चालवणाऱ्यांनी द्यायला हवे.

आता या परिसरातलेच एक उदाहरण घेऊ. दापोडीहून पवना ओलांडली की जुनी सांगवी लागते. ऋतुराज गायकवाड तिथे वाढला. वडील डीआरडीओत नोकरीला, आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. थेरगावच्या दिलीप वेंगसरकरांच्या अकादमीत तो शाळकरी वयात दाखल झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, महाराष्ट्राकडून पहिला रणजी सामना. डिसेंबर २०१८ च्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जने त्याला वीस लाख रुपयांच्या पायाभूत किमतीला घेतले. २०१९ चा अख्खा हंगाम त्याला एकही सामना मिळाला नाही. २२ सप्टेंबर २०२० रोजी शारजात तो पहिल्यांदा खेळला तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि नुकताच करोनातून उठला होता. पहिल्या तीन डावांत त्याच्या धावा झाल्या शून्य, पाच आणि शून्य. त्यानंतर सलग तीन अर्धशतके. पुढच्या वर्षी ६३५ धावा काढून तो स्पर्धेत सर्वाधिक धावा करणारा फलंदाज ठरला आणि २०२४ मध्ये महेंद्रसिंह धोनीकडून कर्णधारपद त्याच्याकडे आले.

या कथेतले माझ्या मते सर्वांत मोलाचे आकडे शून्य, पाच, शून्य हे आहेत. करोडो लोकांसमोर आलेले ते अपयश पचवायला त्याच्यापाशी तेवीस वर्षांचे मन होते, देशांतर्गत क्रिकेटची चार वर्षे होती, धावा आटल्या तर परतायला महाराष्ट्राचा संघ होता. अपयश प्रत्येकाच्या वाट्याला येते. प्रश्न असतो तो ते कोणत्या वयात, किती लोकांच्या साक्षीने आणि मागे कोणता आधार असताना येते, हा. चौदाव्या वर्षी आलेले यश आपल्याला दिसते. त्याच वयात सार्वजनिकपणे आलेल्या अपयशाचे काय होते, ते फारसे कुणी मोजत नाही, कारण अपयशी मुलाकडे दुसऱ्या आठवड्यात कॅमेरा वळतच नाही.

सर्वांत कमी वयात टी-ट्वेंटी शतक काढण्याचा ज्याचा विक्रम वैभवने मोडला तो फलंदाज महाराष्ट्राचाच होता. जालन्याच्या विजय झोलने २०१३ मध्ये मुंबईविरुद्ध अठराव्या वर्षी टी-ट्वेंटी शतक काढले होते. त्याआधी एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत एका डावात नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. २०१४ च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. भारताच्या वरिष्ठ संघापर्यंत तो पोहोचला नाही. विरारच्या पृथ्वी शॉने चौदाव्या वर्षी हॅरिस ढालीत ५४६ धावा काढल्या, अठराव्या वर्षी युवा विश्वचषक जिंकला, त्याच वर्षी आयपीएल खेळला आणि कसोटी पदार्पणात शतक केले. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात, पंचविसाव्या वर्षी, त्याच्यावर बोली लावायला कुणी तयार नव्हते. कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या आणि पंधराव्या वर्षी तो जगभर गाजला. त्या आकड्याची सावली पुढच्या प्रत्येक डावावर पडली.

लवकर मिळालेल्या प्रसिद्धीनेच यांचे नुकसान केले, असा निष्कर्ष मी काढत नाही. खेळ निर्दय असतो. उशिरा आलेलेही मागे पडतात. यांच्यातल्या प्रत्येकाने जे मिळवले, ते लाखांत एखाद्यालाच साधते. माझा मुद्दा एवढाच की शाळकरी वयातला पराक्रम हा पुढच्या कारकिर्दीची हमी नाही, हे आपल्याच मातीत पुन्हा पुन्हा दिसले आहे. जे अनिश्चित आहे, त्यावर तेराव्या वर्षी किंमत लावली की त्या किमतीला न्याय देण्याचे ओझे मुलावर पडते. फ्रँचायझीसाठी ती एक गुंतवणूक असते आणि दहा गुंतवणुकींतली एक फळली तरी भागते. मुलाजवळ दहा आयुष्ये नसतात.

इथे सचिन तेंडुलकरचे नाव येणारच. डिसेंबर १९८८ मध्ये पंधराव्या वर्षी रणजी पदार्पणात शतक, नोव्हेंबर १९८९ मध्ये सोळाव्या वर्षी कराचीत कसोटी. वयाची अट असती तर सचिन घडला असता का? मला वाटते, सचिनची वाट नीट पाहिली तर ती अटीच्या बाजूनेच बोलते. शारदाश्रम शाळा, शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांची नजर, क्लब क्रिकेट, मग मुंबईचा संघ, ज्यात वेंगसरकरांसारखे वडीलधारे होते, आणि शेजारी सतत मोठा भाऊ अजित. १९८९ च्या सुरुवातीला वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी त्याच्या नावाची चर्चा होती. निवड समितीने त्या वेगवान माऱ्यापुढे इतक्या लहान मुलाला उभे करण्याचे टाळले. म्हणजे थांबवणारी माणसे त्या व्यवस्थेत होती. त्याची निवड झाली, बोली लागली नाही. निवड करणाऱ्याला खेळाडूच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार करावा लागतो. बोली लावणाऱ्याला या हंगामाचा. आणि कुठलाही नियम शंभर कोटींतून जन्मलेल्या एकासाठी लिहिला जात नाही. तो त्या एकाकडे पाहून शाळा सोडणाऱ्या हजारोंसाठी लिहावा लागतो.

शरीराचे शास्त्रही हेच सांगते. तेरा-चौदा या वयात मुले एकाच गतीने वाढत नाहीत. कुणाला मिसरूड फुटलेले असते, कुणाचा आवाजही फुटलेला नसतो. त्या वयात जो जोरात फटका मारतो, त्याच्यात कौशल्य किती आणि लवकर आलेली ताकद किती, हे वेगळे काढणे प्रशिक्षकालाही अवघड जाते. दोन वर्षांनी बाकीची मुले उंची गाठतात आणि चित्र बदलते. वेगवान गोलंदाजांच्या कण्याची हाडे तर विशीच्या पहिल्या वर्षांपर्यंत पक्की होत असतात, म्हणून कमी वयात जास्त षटके टाकणाऱ्यांच्या कण्याला तडे जाण्याचा धोका मोठा असतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सल्ला दिला की एकाच खेळात झोकून देणे निदान पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे.

या म्हणण्याचा उत्तम पुरावा दापोडीतच आहे. इथल्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आपण ज्याला सीएमई म्हणतो तिथे, लष्कराचे नौकानयन केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तिथे तयार झाला. दुष्काळी गाव, विहिरी खोदणारे वडील, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर घराची जबाबदारी. २०१२ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो लष्करात भरती झाला आणि त्यानंतर त्याने पहिल्यांदा वल्हे हातात घेतले. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्पर्धेत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक विजेता ठरला. तेराव्या वर्षी त्याच्यावर कुणीही बोली लावली नसती. जी व्यवस्था तेराव्या वर्षी निवड संपवते, ती लवकर पिकलेल्यांवर ओझे टाकते आणि उशिरा पिकणाऱ्यांना बाहेरच ठेवते.

जगाने या प्रश्नाला दिलेली उत्तरे एकसारखी नाहीत आणि त्यांतून शिकायचे ते वेगवेगळे आहे. महिलांच्या टेनिसमध्ये जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये चौदा पूर्ण होण्याआधीच व्यावसायिक झाली आणि सतराव्या वर्षी थकून खेळापासून दूर गेली. ती पुढे परतली, मोठ्या स्पर्धा जिंकली, पण तिच्या उदाहरणाने संघटनेला जाग आणली. १९९५ पासून चौदा वर्षांखाली पूर्ण मनाई आणि चौदा ते सतरा या वयात वर्षाला खेळायच्या स्पर्धांची संख्या हळूहळू वाढवत नेणारा नियम आला. दहा वर्षांनी आढावा घेतला तेव्हा एकविशीच्या आत खेळ सोडणाऱ्या मुलींचे प्रमाण सात टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आत आले होते आणि कारकिर्दी लांबल्या होत्या. इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूला सतरा वर्षे झाल्याशिवाय व्यावसायिक करार करता येत नाही. आर्सेनलकडून ईथन न्वानेरी २०२२ मध्ये पंधराव्या वर्षी मैदानात उतरला, पण मुलांच्या सुरक्षिततेच्या नियमांमुळे तिथे अठरा वर्षांखालच्या खेळाडूची कपडे बदलण्याची सोय प्रौढांपासून वेगळी ठेवतात. २०२४ च्या युरो स्पर्धेत स्पेनचा सोळा वर्षांचा लमीन यमाल खेळत होता तेव्हा अठरा वर्षांखालच्या खेळाडूला रात्री अकरानंतर कामावर ठेवू नये, या जर्मन कायद्याची चर्चा झाली. कुणी त्या कायद्याला हसले नाही.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलचा धडा मात्र सावध करणारा आहे. एनबीएने २००५ मध्ये एकोणीस वर्षांची अट घातली. त्याआधी कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स शाळेतून थेट लीगमध्ये आले होते. नियमानंतर बहुतेक गुणी मुले एक वर्ष कॉलेजात खेळून लीगमध्ये येऊ लागली. त्या एका वर्षात कॉलेजांनी तिकिटे आणि प्रक्षेपण यांतून भरपूर कमावले, प्रशिक्षकांना कोट्यवधींचे पगार मिळाले आणि खेळणाऱ्या मुलांना, ज्यांतली बहुसंख्य गरीब कृष्णवर्णीय घरांतली होती, २०२१ पर्यंत आपल्या नावावरही पैसे मिळवण्याची मुभा नव्हती. संघमालकांना मुलांची पारख करायला एक फुकटचे वर्ष मिळाले. अट मुलांच्या नावाने आली आणि फायदा दुसऱ्यांचा झाला. म्हणून वयाच्या कोणत्याही अटीला एकच कसोटी लावावी: मूल थांबते आहे, तोवर त्याचा खर्च कोण करते आहे?

वयाच्या अटीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप याच प्रश्नाशी येऊन थांबतो आणि तो मी हलका मानत नाही. मुलाच्या खेळासाठी जमीन विकणारे बाप आहेत. पहाटे चारला उठून डबा करणाऱ्या आणि लोकलने मुलाला मैदानावर नेणाऱ्या आया आहेत. बूट, किट, अकादमीची फी, बाहेरगावच्या स्पर्धा, यांचा हिशेब ज्या घरात महिन्याच्या पगारातून बसवावा लागतो, त्या घराला अठरा वर्षांपर्यंत थांबा म्हणणे सोपे नाही. खेळाडूचे आयुष्य लहान असते. एक गुडघा गेला की संपले. मिळते आहे तेव्हा का घेऊ नये? ज्याच्या घरी बँकेत शिल्लक आहे तो थांबू शकतो, ज्याच्या घरी नाही त्याने काय करायचे?

हा आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारे उत्तर वेगळे असायला हवे. घराची उमेद चौदा वर्षांच्या खांद्यावर आहे, म्हणून तो खांदा आणखी लवकर कामाला लावा, असे आपण गिरणीच्या बाबतीत म्हटले नाही, वीटभट्टीच्या बाबतीत म्हटले नाही. तिथे आपण मोफत शाळा, दुपारचे जेवण आणि शिष्यवृत्ती यांची मागणी केली. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ मध्ये कायदा झाला, त्याचे तत्त्व हेच होते: जो उद्योग उद्या या मुलाच्या कौशल्यावर चालणार आहे, त्याने आज त्याच्या शिकण्याच्या काळात विद्यावेतन द्यावे आणि त्याच्याकडून जादा तास काम करून घेऊ नये. आयटीआयमधून बाहेर पडणारी या पट्ट्यातली मुले त्या कायद्याच्या आधारानेच कारखान्यात पाऊल टाकत आली. लष्कर तर याच्याही पुढे गेले. शेजारच्या खडकीत बॉम्बे सॅपर्सची बॉइज स्पोर्ट्स कंपनी आहे. तिथे आठ ते चौदा या वयातली मुले निवडली जातात, त्यांचे राहणे, खाणे, शाळा, प्रशिक्षण हे सारे लष्कर करते आणि वयात आल्यावर नोकरीचे दार उघडे असते. राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी हीसुद्धा त्याच विचाराची संस्था. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शाळकरी वयात प्रबोधिनीत गेला, पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीचे कांस्यपदक जिंकला तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होऊ घातला होता. पंधरा वर्षे थांबण्याचा खर्च आधी राज्याने आणि मग रेल्वेने उचलला, म्हणून ते पदक आले.

जे लष्कराला आणि राज्य सरकारला परवडते, ते आयपीएलला परवडत नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्कच ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले आहेत.

कबड्डीच्या बाबतीत तर आपल्याला बाहेरून काही आणायची गरज नाही. दापोडी, फुगेवाडी, भोसरी, सांगवी या गावठाणांत कबड्डी मंडळांच्या जोरावर रुजली. त्या मंडळांना किशोर गट आणि कुमार गट हे शब्द पाठ आहेत. किशोर गटाला सोळा वर्षे आणि पंचावन्न किलो, कुमार गटाला वीस वर्षे आणि सत्तर किलो. वय आणि वजन दोन्ही बघूनच पोराला मैदानात उतरवायचे, हे शहाणपण या खेळाने लीग येण्याच्या कितीतरी आधी अंगी बाणवले होते. कारण उघड आहे. सात जणांची पकड पंचावन्न किलोच्या अंगावर पडली तर काय होते, हे सर्वांनी पाहिलेले असते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि चढाईपटूंच्या बोली कोटीच्या पुढे गेल्या. पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले तेव्हा कर्णधार अस्लम इनामदार चोवीस वर्षांचा होता. ते यश पाहून उपनगरांतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी स्वप्ने पाहिली तर ते चांगलेच आहे. पण अंगाला अंग भिडणाऱ्या या खेळात प्रौढांच्या लीगचे दार अठरा वर्षांआधी उघडता कामा नये.

वयाची अट आली की खोट्या दाखल्यांचा धंदा वाढेल, अशी भीतीही घातली जाते. तो धंदा आजही आहे आणि तो उलट्या दिशेने चालतो: मोठ्या मुलाला लहान दाखवून वयोगटात खेळवण्यासाठी. त्यावर हाडांच्या वयाची चाचणी हा उपाय बीसीसीआय वापरत आली आहे. राहुल द्रविड यांनी २०१५ मध्ये पतौडी स्मृती व्याख्यानात या फसवणुकीवर कडक शब्दांत टीका केली होती. किमान वयाची अट आली तर दाखल्यावर वय वाढवून दाखवण्याचा मोह होईल हे खरे, पण जी चाचणी एका दिशेला चालते ती दुसऱ्या दिशेलाही चालवता येईल. फसवणूक होईल म्हणून नियमच नको, असे आपण इतर कुठे म्हणत नाही.

मग नेमके काय करावे? सोळा वर्षे पूर्ण होईपर्यंत कोणत्याही लीगमध्ये लिलाव नाही आणि करार नाही. गुणी मुलांना लीगने अकादमीत घ्यावे, त्यांचे राहणे, शाळा, आहार आणि उपचार यांचा खर्च करावा, आणि त्या बदल्यात मुलाला बांधून ठेवू नये. सोळाव्या वर्षी कोणत्याही संघात जायला ते मोकळे असावे. सोळा ते अठरा या वयात प्रवेश द्यावा, पण टेनिससारखा टप्प्याटप्प्याने: हंगामात ठरावीक सामने, सलग दोन दिवस खेळणे नाही, ठरावीक विद्यावेतन, दहावी-बारावीच्या परीक्षेच्या काळात सक्तीची सुटी. खुली बोली मात्र अठराव्या वर्षानंतरच. कबड्डी आणि कुस्ती यांत प्रवेशच अठरानंतर. कमाईचा निदान निम्मा भाग सज्ञान होईपर्यंत मुलाच्या नावाने ठेवीत राहावा. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी जे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे, ते चार वर्षे पुढे न्यायला अडचण कोणती? दुखापत झाली तर उपचार आणि शिक्षण यांची जबाबदारी एकविसाव्या वर्षापर्यंत लीगची. आणि ज्या शाळेने, ज्या मंडळाने, ज्या तालमीने मूल घडवले, त्यांना त्याच्या पहिल्या कराराचा वाटा मिळावा. फुटबॉलमध्ये बदलीच्या रकमेचा पाच टक्के भाग खेळाडूला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटून देण्याचा फिफाचा नियम आहे. असा वाटा भोसरीच्या एखाद्या मंडळाला मिळाला, तर पुढच्या दहा पोरांना बूट मिळतील आणि त्यांच्या आईबापांना घाई करावी लागणार नाही.

मुलींनाही हे सारे लागू व्हावे. महिला प्रीमियर लीगच्या डिसेंबर २०२४ च्या लिलावात सोळा वर्षांच्या जी. कमलिनीला एक कोटी साठ लाख मिळाले. मुलींच्या खेळात पैसा येतो आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. नियम आताच आखले तर मुलांच्या बाबतीत झालेला उशीर त्यांच्या वाट्याला येणार नाही.

हे नियम लीग आपणहून करतील, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही; कारखानदारांनीही कामाचे तास आपणहून कमी केले नव्हते. चौदा ते अठरा या वयातल्या खेळाडूंसाठी केंद्र सरकारने बालकामगार नियमांत स्वतंत्र तरतूद करावी आणि बीसीसीआय व कबड्डी महासंघ यांनी ती येण्याची वाट न पाहता पुढच्या लिलावाआधी आपले नियम जाहीर करावेत. पालकांना माझी विनंती आहे: मुलासाठी संघ शोधण्याआधी, तो संघ मुलाच्या शाळेचे, गुडघ्याचे आणि पैशांचे काय करणार आहे, हे लेखी मागा. गुणवत्ता दोन वर्षे थांबल्याने नाहीशी होत नाही. त्या दोन वर्षांचा खर्च ज्यांना परवडतो, तो त्यांनीच द्यायला हवा.